आम्ही की आपण

पाळकसाहेबांनी बुधवारची प्रार्थना सभा माझ्या गळ्यात घातली, त्याला सहा आठवडे झाले होते. "तुमचा पहाटेचा नेम इतक्या वर्षांचा," म्हणाले, "तुम्हीच चालवा." एकटीनं प्रार्थना करणं वेगळं आणि दहा जणांकडून करवून घेणं वेगळं, हे त्यांना कोण सांगणार? त्यात माझा आवाज असा, की तिसऱ्या रांगेपर्यंत जाता जाता त्याचा जीव जातो.

त्या बुधवारी तर मन थाऱ्यावर नव्हतंच. दुसऱ्या दिवशी सकाळी छातीतल्या गाठीचा रिपोर्ट मिळायचा होता. घरी ह्यांनासुद्धा सांगितलं नव्हतं. मी खुर्च्या गोल मांडल्या. फार जवळ वाटल्या, मागे सरकवल्या. पुन्हा पुढे ओढल्या.

"ताई, खुर्च्यांना फिरवून आणताय का?" शिंपीणबाई दारातूनच म्हणाल्या.

सगळे बसल्यावर मी म्हटलं, "आज लांबण नको. मनात जे सलतंय ते एका वाक्यात, पण मोठ्यानं. ऐकू आलं तरच बाकीच्यांना आमेन म्हणता येईल."

"एका वाक्यात?" निवृत्त मास्तर दचकले. त्यांची प्रार्थना साऱ्या जगाला प्रदक्षिणा घालून यायची. "स्वल्पविराम चालतील ना?"

हशा पिकला. मग सगळ्यांनी डोळे मिटले. मास्तरांनी स्वल्पविराम देत देत राज्यकर्ते, आजारी, प्रवासी, परीक्षेला बसलेले, सगळे उरकले. आमेन. पंखा कुरकुरत होता. कुणीतरी खाकरलं. मी रुमालाला पीळ घालत होते, सोडत होते. लोकांना म्हणते बोला, आणि स्वतः गाठ झाकून बसलेय!

"हे प्रभू," तोंडून निघूनच गेलं, "उद्या दहा वाजता आपण रिपोर्ट आणायला जाऊ. माझ्या गाठीचा. मला फार भीती वाटतेय."

आमेन आलं नाही.

"आम्ही," मास्तर हळूच म्हणाले. जन्माची खोड. "देवाशी बोलताना 'आम्ही' म्हणावं. 'आपण' म्हटलं की ऐकणाराही त्यात येतो."

"मग येऊ दे की त्याला!" शिंपीणबाई कडाडल्या. खुर्ची सरकली. सुया टोचून खरखरीत झालेली बोटं माझ्या मनगटावर आली. "मीही येतेय. दहाला ना? दुकान उघडेल बाराला. मास्तर, आता आमेन म्हणा."

"आमेन," मास्तर म्हणाले.

मग कोपऱ्यातली नर्स बोलली, तिची सून दोन महिने अबोला धरून होती. तिच्यामागून आणखी कोणी. एका वाक्याचा नियम कुणीच पाळला नाही.

घरी जाताना पाय भराभर पडत होते. ह्यांनी दार उघडलं.

"उद्या दहाला आपल्याला दवाखान्यात जायचंय," मी म्हणाले. आवाज शेजारपाजारपर्यंत गेला असावा.