रुळांना कुंकू

मी एक जुनं, हिरवं, तळहाताएवढं इंजिन आहे आणि या क्षणी माझ्या कपाळावरचं ओलं कुंकू ओघळून थेट चाकांत चाललंय. शी! मित्रांनो, माझी कहाणी ऐकायची असेल तर थोडी शिसारी सोसायची तयारी ठेवा. गोड बोलणं मला आता जमत नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका लखलखीत कारखान्यात झाला. तिथे एका बाईने बारीक कुंचल्याने माझ्या अंगावर सोनेरी रेघ ओढली आणि पोटातल्या मोटरीत तेलाचा एक थेंब सोडला. एकच थेंब! पुढे मी मुलुंडला विद्याधरच्या घरी आलो आणि पहिल्याच महिन्यात माझ्या पोटात खोबरेल तेल ओतलं गेलं. तेही डोक्याला लावायच्या बाटलीतलं, वर एक लांबलचक केस तरंगत असलेलं. थंडीत ते थिजलं आणि मी जागच्या जागी गुरगुरत बसलो.

विद्याधर विक्रोळीच्या एका कारखान्यात हिशेबखात्यात होता. माणूस वाईट नव्हता. प्रेमळ होता, हीच तर पंचाईत! संध्याकाळी घरी आला की भज्यांच्या तेलकट हातांनीच मला उचलायचा. पण त्याच्या खोलीभर पसरलेल्या फळीवरच्या रुळांवरून मी डबे ओढत निघालो, की शेजारची पोरं "झकास!" म्हणून ओरडायची. ते मला आवडायचं. खोटं कशाला बोलू?

शहाऐंशी साली त्याच्या बायकोने, वसुधाने, शेवटी हात टेकले. "अहो, या फळीखाली झुरळांनी संसार थाटलाय. दसऱ्यापासून मला इथे शिवणाचा क्लास सुरू करायचाय. अर्धी फळी ठेवा, नाहीतर सगळंच भंगारात घालते." तिचं काय चुकलं? माझ्या शेवटच्या डब्यात झुरळाची अंडी होती. आठवलं तरी मळमळतं.

अर्ध्या फळीवर रुळांचं एकच कडं मावणार होतं. जुन्या पद्धतीत बटण फिरवलं की रुळांवर असतील ती सगळी इंजिनं एकदम धावायची. एका कड्यावर दोन गाड्या आपापल्या चालीने चालवणं जमतच नसे. तेवढ्यात वसुधाचा भाऊ नंदकिशोर जर्मनीहून आला. त्याने एक नवं इंजिन आणलं, एक डिजिटल पेटी आणली आणि एक सुटी चिप आणली.

"भावोजी, नीट ऐका," तो म्हणाला. "या पेटीने रुळांत करंट कायम असतो आणि त्यातूनच हुकूम जातो. प्रत्येक इंजिनाच्या पोटात चिप, प्रत्येक चिपला नंबर. शाळेत हजेरी घेतात ना, तसं. ज्याचा नंबर पुकारला तेच हलणार. नव्यात चिप आहे. ही सुटी तुमच्या जुन्याला बसवा. आणि बसवेपर्यंत ते या रुळांवर ठेवायचं नाही हां, मोटर जळेल!"

"अरे, मला काय लहान पोर समजलास?" विद्याधर हसला.

मित्रांनो, माझं सगळं त्या एवढ्याशा चिपवर अडलं होतं. ती बसली तर मी नव्याच्या बरोबरीने धावणार. नाही बसली तर काचेचं कपाट. मी मनात म्हणत होतो, आजच बसव रे बाबा! पण विद्याधरने चिपचं पाकीट देव्हाऱ्यात ठेवलं. "नवी वस्तू दसऱ्याच्या मुहूर्तावर!" झालं.

आदल्या दिवशी खंडेनवमी. त्याच्या कारखान्यात त्या दिवशी यंत्रांची पूजा व्हायची. हार, हळदकुंकू, नारळ, पेढे. विद्याधर पेढे खाऊन घरी आला आणि त्याला भक्तीचं भरतं आलं. तेलात कुंकू कालवून तो रुळांवर बोट ओढत सुटला. त्यावर हळद, त्यावर अक्षता, त्यावर नारळाचं पाणी. झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या, मुंग्या धावत आल्या. किती घाण ती! माझ्यासारख्याला तिकडे बघवेना.

"अहो, रुळांना कशाला?" वसुधा म्हणाली.

"यंत्रच आहे ते, वसू. देवाचं काम असं अर्धवट करायचं नसतं."

मग त्याला राहवेना. उद्या दसऱ्याला येणाऱ्या पाहुण्यांसमोर फजिती नको म्हणून त्याने पेटी सुरू केली आणि नव्या इंजिनाचा नंबर दाबला. नवं इंजिन एकदा दचकलं आणि थांबलं. पुन्हा दचकलं, पुन्हा थांबलं. चाकांखाली कुंकवाचा चिखल, हुकूम पोचणार कुठून! विद्याधर वाकून फळीखाली बघायला लागला. "वाट लागली! करंटच येत नाही वाटतं. तार फळीवरच्या त्या पुठ्ठ्याच्या बोगद्यात जोडलीय, तिथेच बघतो."

आणि बघायला त्याने मला उचललं. बिनचिपेच्या मला! बोगद्याच्या मागच्या तोंडाने त्याने मला आत सरकवलं. पूजा करताना त्याचं बोट तिथे पोचलं नव्हतं. सगळ्या कड्यात तेवढेच रूळ स्वच्छ होते.

करंट थेट माझ्या मोटरीत घुसला. ना पुढे जाता येई, ना मागे. मी नुसता थरथरत बझ्झ करत राहिलो.

"ऐक, ऐक! आवाज येतोय! करंट आहे!" विद्याधर आनंदाने ओरडला. तेवढ्यात दारावरची बेल वाजली. शेजारच्या सुलक्षणावहिनी पूजा बघायला आल्या होत्या. तो दारातच त्यांना डिजिटल म्हणजे काय ते हजेरीच्या उदाहरणासकट समजावत बसला. मी आत जळत होतो. माझ्या पोटातलं ते जुनं खोबरेल तेल तळायला लागलं.

"अहो, कसला घाणेरडा वास येतोय?" वसुधा धावत आली. बोगद्यातून धूर येत होता. तिने खटका बंद केला आणि मला बाहेर ओढलं. माझी सोनेरी रेघ फुगून काळी पडली होती. विद्याधर मला हातात धरून खाली बसला. "नंदूने सांगितलं होतं गं," एवढंच म्हणाला आणि रडला.

वसुधाने फडकं स्पिरिटमध्ये बुडवलं आणि सगळे रूळ पुसले. फडकं लालभडक झालं. मग तिने नव्या इंजिनाचा नंबर दाबला. ते सुरळीत धावलं. एकदाही अडखळलं नाही.

अर्धी फळी राहिली, शिवणाचा क्लास सुरू झाला आणि मी काचेच्या कपाटात गेलो. चिप माझ्या शेजारी आहे, पाकीट न फोडलेलं. दर खंडेनवमीला विद्याधर आम्हां दोघांना बाहेर काढतो, डोळे पुसतो आणि सगळ्यांत आधी आम्हांला कुंकू लावतो. रुळांना आता तो हात लावत नाही. तेवढं शिकला.

मित्रांनो, यंत्रावर माया असेल तर पूजा जरूर करा. पण आधी फडकं घ्या, सांगितलेलं ध्यानात ठेवा आणि आजचं काम मुहूर्तासाठी अडवू नका. आणि कधी मुलुंडला आलात, तर तेवढं माझ्या कपाळावरचं पुसा. चाकांपर्यंत पोचलंय हो!