पांढऱ्या शेपटीचं पिल्लू

ऐक ना, मध्ये बोलू नकोस. इव्हानिल्जला सातवा लागला होता आणि तिच्या नवऱ्याला, जुरांदिरला, साप चावला. आसाईच्या फळांचा घड घेऊन झाडावरून उतरला, पाचोळ्यात ठेवायला वाकला, तर तिथं वीतभर पिल्लू. शेपटीचं पांढरं टोक अळीसारखं वळवळवत बेडकाची वाट बघत पडलेलं. बाकी अंग पाचोळ्याच्याच रंगाचं, दिसणार कसं?

सासू फिलोमेना म्हणाली, "पांढऱ्या शेपटीची ना? मग ती विषारी जराराका नव्हेच. काढ्यानं उतरेल."

"सासूबाई, तीच ती. पीठ भाजायच्या भट्टीमागे जराराका विताना मी बघितलीय. अंडी नाहीत, जिवंत पिल्लं, आणि सगळ्यांच्या शेपट्या पांढऱ्या. विष पोटातूनच घेऊन येतात."

"तू पोटुशी आहेस. दारात येऊ नकोस."

कारण आपल्याकडे पोटुशीची नजर पडली की चावलेला माणूस गेलाच म्हणतात. तेवढ्यात सासू त्याचा थुंकायचा वाडगा रिकामा करायला बाहेर आली. त्यात रक्त. हिरड्यांतून येत होतं.

"मी होडी काढते. विषावरचं इंजेक्शन गावात आहे."

"आणि वाटभर त्याला बघशील?"

"मग तुम्ही चालवा."

दीर मासेमारीला गेलेले, आणि सासूला इंजिन सुरूसुद्धा करता येत नव्हतं. शेवटी जुरांदिरला पुढे निजवला, ही मागे सुकाणूवर, आणि मध्ये सासू, घागरा पडद्यासारखा पसरून.

अर्ध्या नदीत तो ओ देईना.

"सासूबाई, घागरा खाली करा."

"मरेल तो!"

"हे पोर त्याचंच आहे. पोर बापाला खाणार असेल, तर माझ्यासमोर खाऊ दे."

आणि एका हातानं घागरा खाली ओढला की तिनं. बघितलं त्याच्याकडे, सरळ. "जुरांदिर, झोपलास तर पोराला माझ्या बापाचं नाव ठेवीन."

त्यानं एक डोळा उघडला. "ते नको."

मग धक्क्यापर्यंत ती बघतच राहिली, बोलतच राहिली.

वाचला तो. पण बारशाला सगळा किनारा जमलेला, आणि सासू घागरा पसरून सांगतेय, यानंच वाचवलं माझ्या लेकाला. बायका हात लावून बघतायत. जुरांदिर हिला कोपरानं ढोसतोय, जाऊ दे म्हणून. ही पोर छातीशी धरून उठली. "मी बघितलं त्याला. वाटभर बघितलं. परत चावला तर परत बघेन."

सासू तेव्हापासून तिच्याशी बोलत नाही.

आता तू सांग, तू असतीस तर गप्प बसली असतीस?