सोयरिकीच्या गाडीचा हीटर

आमच्याकडे, म्हणजे लडाखात, नवरामुलगा स्वतःची सोयरीक मागायला जात नाही. ते काम मामाचं. मामा छांगेचा, म्हणजे जवाच्या घरगुती दारूचा, हंडा घेऊन मुलीच्या घरी जातो. तिच्या वडिलांनी छांग प्यायली की लग्न ठरलं. हंडा भरलेलाच परत आला तर मुलानं दुसरीकडे बघायचं.

तरी मी गेलो, कारण त्या दिवशी गावात मोकळा असलेला एकमेव ड्रायव्हर मीच होतो.

“तू नवरा म्हणून येत नाहीयेस,” तुंडुप अझांगनी, म्हणजे माझ्या मामांनी बजावलं. “ड्रायव्हर म्हणून येतोयस. तोंड उघडायचं नाही.”

सूर्य मावळायच्या आत छांग प्यायली गेली पाहिजे, असं ज्योतिष्यानं सांगितलं होतं. सूर्य वेळेवर चालला होता. हीटर नव्हता चालला.

खिंडीचा चढ लागला तेव्हा बाहेर उणे बावीस होतं आणि गाडीत, हीटर चालू असल्यामुळे, उणे पंचवीस. पंखा मन लावून फिरत होता आणि अझांगच्या मांडीवरच्या हंड्यावर गार वारा सोडत होता.

“नोनो, पोरा, बंद कर ते.”

“तापेल आता, अझांग-ले.” आमचं ‘ले’ म्हणजे तुमचं ‘जी’.

“काय तापेल? इथे छांगेवर साय धरलीय बर्फाची!”

मी घाबरलो. गोठलेली छांग पिता येत नाही, चावावी लागते. आणि चावलेली छांग सोयरिकीत धरतात का, हे ज्योतिष्याला विचारायचं राहून गेलं होतं. जिला मागायला निघालो होतो ती चोरोल लेहमध्ये मोबाइलच्या दुकानात होती, तेव्हा तिच्याकडून मी गरज नसताना अकरा चार्जर घेतले होते. ते असे वाया जाणं परवडणारं नव्हतं.

गाडी कडेला घेतली. तापमानाचा काटा मधोमध होता, म्हणजे इंजिन गरम. पंखाही ठीक. बॉनेट उघडून हीटरच्या दोन रबरी नळ्या चाचपल्या. आत जाणारी चटका देत होती, परत येणारी दगडासारखी गार.

“आत काहीतरी अडकलंय,” मी म्हणालो.

“उंदीर असेल.”

“उंदीर असता तर तो तरी गरम असता, अझांग-ले.”

“बरं, तुझं चालू दे. मी चहा घेतो.”

निघताना आईनं दोन थर्मास दिले होते. एकात वाटेसाठी लोणी-मिठाचा गुर-गुर चहा, दुसऱ्यात गरम पाणी. रात्री पाणी गोठून रेडिएटर फुटू नये म्हणून आम्ही तो संध्याकाळी रिकामा करतो आणि सकाळी गरम पाण्यानं भरतो. पातेलंभर ओतून झालं की राहिलेली तूट थर्मासातून भरायची.

अझांगनी पहिला घोट घेतला आणि थुंकला.

“तुझ्या आईनं चहा दिलाय की भांडी विसळलेलं पाणी?”

मी चाखून पाहिलं. नुसतं पाणी. दोन्ही थर्मासांवर तेच गुलाबी फूल होतं.

“मग चहा कुठे गेला?”

“अझांग-ले,” मी म्हणालो, “चहा गाडी प्यायली.”

त्यांनी थर्मासाचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाले, “आणि मला विचारलंही नाही.”

हीटरच्या बारीक नळ्यांत लोणी जाऊन बसलं होतं. इंजिन बंद केलं, दोन्ही रबरी नळ्या काढल्या, एका तोंडातून थोडं गरम पाणी आत सोडलं. काही नाही.

“फुंकावं लागेल,” मी म्हणालो.

“मग फुंक.”

“मी नुसता ड्रायव्हर आहे.”

अझांगनी माझ्याकडे असं पाहिलं की बर्फ वितळावा. मग तोंड लावलं, गाल फुगवले, आणि दुसऱ्या टोकातून लोण्याचा बोटभर गोळा सुटून माझ्या कपाळावर बसला. शुभकार्यात आम्ही हंड्याच्या काठाला लोणी लावतो. हंडा बाजूलाच होता, नेम चुकला.

नळ्या बसवल्या, उरलेलं पाणी भरलं, गाडी सुरू केली. पाच मिनिटांत ऊब आली आणि गाडीभर गुर-गुर चहाचा वास सुटला. हंड्यातली साय विरघळली.

पोचलो तेव्हा सूर्य डोंगरापासून वीतभर वर होता. अझांग ‘अचो-ले’, म्हणजे दादा, अशी हाक देत हंडा घेऊन आत गेले, मी गाडीतच बसलो. पण चोरोलचे वडील दारात आले. “अहो, ड्रायव्हरला थंडीत मारता का? या, आत या!”

मला दाराजवळची सगळ्यात खालची जागा मिळाली. चोरोल चहा घेऊन आली, माझं कपाळ बघितलं आणि कप भरून सतरंजीवर ओघळ जाईपर्यंत ओततच राहिली.

“मामा तर भाच्याची स्तुतीच करणार,” वडील म्हणाले. “आपण ड्रायव्हरला विचारू. काय रे, मुलगा कसा आहे?”

अझांगनी डोळे वटारले. पण ऊन खिडकीतून निघायच्या बेतात होतं.

“आज सकाळी त्यानं रेडिएटरमध्ये गुर-गुर चहा ओतला, आबा-ले.”

वडील पुढे सरकले.

“मग?”

“मग खिंडीत त्यानंच काढला. फुंकलं मामांनी.”

“गाडी सोडून परत नाही पळाला?”

“नाही.”

वडील विचारात पडले. ते सावकाश विचार करणाऱ्यांपैकी होते.

“आबा-ले,” चोरोल म्हणाली, “ऊन चाललं.”

त्यांनी अनामिका छांगेत बुडवली, देवांच्या नावानं तीनदा थेंब उडवले आणि पेला एका दमात संपवला.

“सोयरीक झाली,” मिशा पुसत ते म्हणाले. मग अझांगच्या कानाशी वाकले, पण आवाज तेवढाच ठेवून. “खरं सांगू? मला तुमचा हा ड्रायव्हरच जास्त आवडला. याचं कुठे ठरलंय का? धाकटी आहे आमची.”

“ठरलंय, अचो-ले,” अझांग म्हणाले. “आत्ताच.”