चष्म्यांची खुर्ची

"बस की राघेब. खुर्ची चावत नाही, मी स्वतः घडवलीय," हाजी सब्री म्हणाले.

मी बसलो आणि लगेच अर्धा उठलो. खुर्ची गरम होती. जानेवारीचा महिना, नदीवरून गार वारा येत होता, खोलीत शेगडी नव्हती, आणि त्या दिवशी माझ्याआधी त्या खुर्चीवर कोणी बसलं नव्हतं.

नाईलकाठच्या आमच्या दुमियात गावात सेवा मंडळाच्या सभासदांची गणती खुर्च्यांवर चालते. एका धंद्याची एकच खुर्ची, आणि तिच्या पाठीवर त्या धंद्याची खूण कोरलेली. सुताराच्या खुर्चीवर रंधा, भट्टीवाल्याच्या खुर्चीवर रोटी, औषधवाल्या मादाम इव्हलिनच्या खुर्चीवर खलबत्ता. माझ्या पाठीमागे चष्मा होता. ही खुर्ची एकतीस वर्षं माझे उस्ताद, उस्ता शाकिर, यांची होती, आणि त्यातली सव्वीस वर्षं मी त्यांच्या दुकानात भिंगं घासत होतो.

मला ती खुर्ची हवी होती. यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. शाळेतल्या पोरांना मंडळ दरवर्षी फुकट चष्मे वाटायचं, तेव्हा भिंगं माझ्या हातची असायची आणि व्यासपीठावर उस्ता असायचे. गिऱ्हाईक दारातून विचारायचं, "शाकिरचा माणूस आहे का आत?" माझं नाव कोणी कधी विचारलं नाही. उस्तांना ते कळत असावं. इस्पितळात हाताला सुई टोचलेली असताना त्यांनी कागद मागवला आणि माझ्या नावाचा प्रस्ताव लिहून सही केली. वर म्हणाले, "तुला बसायचं म्हणजे मला उठावं लागणार. काय करणार, नियमच तसा आहे."

सभासद वारला तरी चाळीस दिवस तो सभासदच राहतो, हाही नियमच. तोवर त्याचा धंदा पुकारला की सगळे क्षणभर गप्प राहतात आणि मंडळाचे चिटणीस अनीस मास्तर वहीत 'रजा' लिहितात. त्याची सहीसुद्धा तोवर चालते. नव्या माणसाचं नाव दोन आठवडे फळ्यावर राहतं. कोणी हरकत घेतली नाही, तर चाळिसाव्याला जुन्या नावावर लाल रेघ मारतात आणि नव्याने हजेरीला स्वतः ओ द्यायची. ओ दिली की तो सभासद झाला.

त्या सोमवारी लाल रेघ मारून झाली. मास्तर पुकारू लागले.

"भट्टी?"

"हजर."

"औषधं?"

"हजर."

"चष्मे?"

मी घसा साफ केला. तेवढ्यात माझ्यासमोरच्या टेबलावर बोटाच्या पेराचे दोन ठोके पडले आणि कोणीतरी म्हणालं, "हजर."

माझे दोन्ही हात मांडीवर होते.

"अगदी उस्तांची सवय उचललीस रे," मादाम इव्हलिन शेजारून हसून म्हणाल्या. "ते ठोकेसुद्धा."

मास्तरांनी खूण केली. लोक टाळ्या वाजवू लागले. कोणीतरी मिशब्बक मिठाईचं ताट पुढे सरकवलं. मला फक्त गप्प बसायचं होतं. पण मला लहान पोरासारखं कुणाच्या तरी मांडीवर बसल्यासारखं वाटत होतं, आणि मी चाळीस ओलांडलेला माणूस होतो. मी उभा राहिलो.

"मास्तर, मी बोललो नाही."

"मग काय भिंत बोलली?" भट्टीवाला म्हणाला. थोडं हसू झालं आणि लवकरच थांबलं.

"तुम्ही दिवस कुठून मोजले, मास्तर?"

"मृत्यूच्या दाखल्यावर गुरुवार आहे. गुरुवार पहिला."

"मी उशाशी होतो. उस्ता गेले तेव्हा मगरिबची बांग होऊन गेली होती. सूर्य बुडाला की पुढचा दिवस लागतो. शुक्रवार पहिला धरायला हवा होता."

मास्तरांनी चाळीस वर्षं गणित शिकवलेलं. ते पेरांवर मोजू लागले. दोनदा मोजलं.

"एकोणचाळीस," ते हळूच म्हणाले.

हाजी सब्री उठून माझ्याजवळ आले आणि त्यांनी खुर्चीवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. "हे लाकूड असं तापत नाही," एवढंच बोलून ते जागेवर गेले.

"राघेब, जरा विचार कर," मास्तर म्हणाले. "आजची हजेरी धरली नाही तर पुढची सभा थेट पुढच्या सोमवारी. उस्तांची सही उद्या संपते. तुझा प्रस्ताव बाद होईल. चष्म्यांची तीन दुकानं असलेला तो फराग अर्ज घेऊन तयारच आहे."

"उस्तांचा एक दिवस उरलाय. तो मी कसा घेऊ?" मी म्हणालो. मला रडू येत होतं आणि भीतीही वाटत होती.

मास्तरांनी वही ओढली. लाल रेघ पुसता येत नव्हती. तिच्याशेजारी त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, 'उस्ता शाकिर, हजर.'

मी दारापर्यंत पोचलो तेव्हा मादाम इव्हलिनचा आवाज आला. "फरागचं फराग बघेल. राघेबचं नाव मी मांडते. लिहा, मास्तर."

पुन्हा दोन आठवडे माझं नाव फळ्यावर राहिलं. हरकत आली नाही. तिसऱ्या सोमवारी मी त्याच खुर्चीवर बसलो. लाकूड गार होतं, इतर कुठल्याही लाकडासारखं.

"चष्मे?"

मी लगेच ओ दिली नाही. टेबलाकडे बघत थांबलो. मास्तरही थांबले, त्यांनी घाई केली नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी फळी कापत होतं, तेवढाच आवाज येत होता. ठोका पडला नाही.

"हजर," मी म्हणालो.

मास्तरांनी खूण केली आणि पुढचा धंदा पुकारला.