दुसरा पंच

भर दुपारी, सावल्या पायाखाली गोळा झालेल्या असताना, चार खात्यांची माणसं एकाच जीपमधनं उतरली. पोलीस ठाण्याचे हवालदार, दारूबंदीचा शिपाई, ग्रामसेवक आणि वायरमन. तंटामुक्ती समिती झाल्यापासून पोलीस पाटील अंजनाबाईंनी दारोदार हेलपाटे घालून ही मोट बांधली होती.

कुरुंदवाडकडच्या शिवारात एक बंद गुऱ्हाळघर होतं. ज्या काहिलीत गूळ शिजायचा, तिच्यात आता हातभट्टी उकळायची. फाल्गुनात गुंडू तिथंच पिऊन मेला. मयताची वर्दी अंजनाबाईंनीच लिहिली. त्याचा पिण्यातला जोडीदार म्हणजे त्यांचा नवरा, जयसिंग. आता त्याचेही डोळे हळदीसारखे पिवळे पडले होते.

वायरमननं वीज तोडली, शिपायानं रसायन ओतलं, ग्रामसेवकानं कुलूप घातलं. हवालदार मात्र पेन उघडून थांबले.

"पाटीलबाई, पंच दोन पायजेत. मागच्या दोन केशी पंचापायीच सुटल्या."

म्हाताऱ्या विठाबाईनं अंगठा दिला. समितीचे पुढारी बांधावरची हरळी न्याहाळत राहिले. भट्टीवाला त्यांच्या भावकीतला.

"सभेत लई गरजत हुतासा की," विठाबाई म्हणाली. "आता जिभंला फोड आला व्हय?"

तेवढ्यात उसातनं एक माणूस आला. अंगाला राख, पाय ओले. उसाचं पान हललं नव्हतं.

"मी ऱ्हातो पंच."

"नाव?"

"गुंडू."

हवालदार बाहेरगावचे, त्यांनी नाव लिहून घेतलं. "कोर्टात यावं लागंल, पावणं."

"बोलवा की. यीन."

विठाबाईनं पदर तोंडाशी धरला. पुढारी मागं सरले.

अंगठा उमटला. हवालदारांनी कागद अंजनाबाईंपुढं धरला. "वळख तुमी द्यायची. गावचाच हाय न्हवं?"

खरं सांगावं तर पंचनामा फाटणार, उद्या भट्टीचं चुलवण पुन्हा पेटणार, आणि जयसिंगची वर्दी ह्याच हातानं लिहावी लागणार.

"व्हय," त्या म्हणाल्या. "माझ्या वळखीचा हाय."

सही करून मान वर केली, तर समोर कुणी नव्हतं. ओली पावलं कुलूपबंद दाराखालून आत गेली होती.

जीप गेली, माणसं पांगली. अंजनाबाई एकट्याच दाराशी वाकल्या.

"भावजी," त्या हलकेच म्हणाल्या, "आमचं मालक आलं तरी त्येंना आत घिऊ नगा."

कडी आतल्या बाजूनं लागली.