कागदावरचं बावखल

ॲन्सेल्मने काय काय केलं नव्हतं? नाटकांचे सेट लावले, बिस्किटाच्या जाहिरातीसाठी गाय रंगवली, ऐतिहासिक मालिकांसाठी थर्मोकोलचे बुरूज उभे केले. मोबाइलवरच्या एका गेमसाठी तर सत्तर राक्षस काढले, आणि तेही असे की एकाचं नाक दुसऱ्याला नाही. बारा गावचं पाणी प्यालेला माणूस. पण वसईजवळच्या निर्मळ गावातल्या त्याच्या शेजाऱ्यांना हा नेमकं करतो काय ते कधी कळलंच नाही. 'आर्ट डायरेक्टर' म्हटलं की ते विचारायचे, "म्हणजे पेंटर ना?" यानेही मग सांगणं सोडून दिलं होतं.

अशा माणसाला दीड वर्ष काम नव्हतं. चुकलं होतं काय त्याचं? काही नाही. दिग्दर्शकाच्या डोक्यातला राजवाडा, भुताचं घर, परग्रहावरचा बाजार आधी कागदावर दिसायला हवा, म्हणून पूर्वी ॲन्सेल्मसारखा माणूस लागायचा. आता ऑफिसात बसलेलं कुणीही कॉम्प्युटरला चार ओळी सांगतं आणि जेवणाच्या सुट्टीआधी पन्नास चित्रं हजर. चांगली असतात का? अहो, चांगल्याची चाड आहे कुणाला! पटकन होतात, तेवढं पुरतं.

आणि अशात जूनमध्ये एका स्टुडिओतून स्वप्ना नावाच्या बाईंचा फोन आला. आठ भागांची मालिका, वसईतल्या एका वाडीवाल्या ख्रिस्ती कुटुंबाची गोष्ट. "सर, तुम्ही तिथलेच ना? मग एक छोटंसं पिच पाठवा."

पिच म्हणजे काम मिळण्याआधी दाखवायचा नमुना. ॲन्सेल्मला हे काम हवं होतं, जीव तोडून हवं होतं. चोवीस वर्षं त्याने दुसऱ्यांची गावं उभी केली. स्वतःचं गाव कुणी मागितलंच नव्हतं. त्याने बायकोला, ज्युलीला, सरळ सांगून टाकलं, "हे मिळालं तर पडद्यावर माझं नाव आपल्या गावासोबत येईल. नाही मिळालं तर मी थांबलो. रंग-ब्रश माळ्यावर टाकतो आणि मिळेल ती नोकरी धरतो."

आता या धंद्यातला पहिला नियम ऐका. पिचमध्ये दार दाखवावं, किल्ली देऊ नये. दोन-चार चित्रं द्यावीत, मोहात पाडणारी, अर्धी धूसर. मापं, नकाशे, रंगांचे नंबर हे सगळं काम हातात आल्यावर. ॲन्सेल्म हा नियम वर्षानुवर्षं नवशिक्यांना कान पिळून शिकवत आला होता. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा? लोका सांगे ब्रह्मज्ञान!

कारण गाव स्वतःचं होतं हो. अर्धवट काढवेना. टेप घेऊन तो शेजारच्या वटार गावातल्या वाड्यांमधून फिरला. ओट्याची उंची मोजली, कौलांचा उतार मोजला, सकाळचा उजेड केळीच्या पानांतून पडवीत कुठवर येतो ते खडूने आखलं. आणि बावखल! पावसाचं पाणी साठवून वाडी शिंपायची ती आपल्याकडची तळी. दगडी बांधकाम नाही, पायऱ्या नाहीत, मातीचा उतरता काठ, कडेला अळू आणि केळी. तीन दिवस तो एका बावखलाच्या काठावर बसून होता. मालकीणबाई शेवटी म्हणाली, "पडशील रे बाबा, पोहायला तरी येतं का?" छोट्याशा पिचचे एक्केचाळीस कागद झाले. सुताराने हातात घेऊन उद्या करवत लावावी, इतके पुरे.

ज्युली शाळेत शिकवते, तिला कागदपत्रांची सवय. तिने विचारलं, "काम तुझं असं लिहून दिलंय का त्यांनी?"

"तोंडी झालंय. सर, तुम्हीच करायचं, असं म्हणाली ती."

"तोंडी तर आपलं लग्नही ठरलं होतं. तरी फादरनी लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये सगळ्यांसमोर आपली नावं वाचलीच ना? अरे, चारच कागद पाठव."

"अर्धं गाव पाठवू?" तो चिडला. आणि एक्केचाळीसही पाठवले. पाठवताना स्क्रीनवर एक चौकोन आला, आम्ही हे साहित्य हवं तसं वापरू शकतो अशा अर्थाचा. याने त्यावर खूण केली. चौकोन वाचत बसतो कोण!

तीन आठवड्यांनी स्वप्नाबाईंचा निरोप आला. 'सर, टीमला खूपच आवडलं. पण आम्ही वेगळ्या दिशेने जातोय. पुढच्या वेळी नक्की.' खाली जोडलेल्या हातांचं चित्र. ॲन्सेल्मने फोन केला, दोनदा केला, मग केला नाही. नोव्हेंबरात त्याने वसईतल्या एका फ्लेक्स छापणाऱ्याकडे नोकरी पक्की केली. वाढदिवसाचे, निवडणुकीचे, दहाव्या-बाराव्याचे बॅनर. सोमवारपासून यायचं ठरलं.

त्याच्या आधीच्या शुक्रवारी व्हिन्सेंटचा फोन. व्हिन्सेंट म्हणजे वटारचा सेटवाला सुतार, याचा शाळेतला दोस्त, कितीतरी सेट दोघांनी मिळून उभे केलेले. "ॲन्सेल्म, तू इथे ये. फोनवर सांगण्यासारखं नाही."

वटारच्या एका मोकळ्या शेतात प्लायवूडचं घर उभं होतं. ॲन्सेल्मने स्कूटर स्टँडवर लावली आणि तो नुसता बघत राहिला. ओटा त्याचा. उतार त्याचा. पडवीत उजेड यावा म्हणून केळी जिथे लावायला सांगितल्या होत्या तिथेच लावलेल्या.

"कागद हातात आले तेव्हाच मी ओळखले," व्हिन्सेंट म्हणाला. "मापं तुझ्याच हाताने लिहिलेली. फक्त खालचं नाव बदललंय. कागद इतके पुरे की मला एकही शंका विचारावी लागली नाही रे. पण ते बघ."

घरामागे बावखल होतं. म्हणजे असायला हवं होतं. तिथे चारी बाजूंनी दगडासारख्या रंगवलेल्या प्लायच्या पायऱ्यांचं, मधे दीपमाळ असलेलं तळं बांधत होते. ॲन्सेल्मचं हे चित्र जरा भव्य व्हावं म्हणून कुणीतरी कॉम्प्युटरकडून पुन्हा काढून घेतलं होतं, आणि कॉम्प्युटरने बावखलाचं देवळाचं तळं करून टाकलं होतं. ख्रिस्ती माणसाच्या परसात दीपमाळ!

"तू बोलला नाहीस?"

"मला कागदावर आहे ते करायचं. आणि तूही बोलू नकोस. चार दिवसांत शूटिंग आहे. पडू दे तोंडावर. अख्खी वसई हसू दे त्यांना." व्हिन्सेंट खरोखरच संतापला होता.

ॲन्सेल्मलाही बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. चांगली अद्दल घडेल, असं तो मनात म्हणत होता, तेवढ्यात एक पंचविशीचा मुलगा जवळ आला. नाव सुमेध. गळ्यातल्या ओळखपत्रावर लिहिलेलं, आर्ट डायरेक्टर. डोळे लाल, आवाज बसलेला, चार रात्री झोपला नसावा.

"काका, तुम्ही इथलेच ना? एकदा बघून सांगा ना प्लीज. बरोबर वाटतंय का? मला इथलं काहीच माहीत नाही हो. एक फोल्डर दिला आणि सांगितलं, कर."

व्हिन्सेंटने ॲन्सेल्मच्या पायावर पाय दिला.

काय करायला हवं होतं त्याने? हे माझं आहे म्हणून ओरडायला हवं होतं. नाहीतर झकास आहे म्हणून निघून जायला हवं होतं. तुम्ही-आम्ही तेच केलं असतं. पण त्याचे डोळे त्या पायऱ्यांवरून हलेनात. वसईच्या नावाने हे सगळीकडे दिसणार, आणि आपल्या पोरांना बावखल म्हणजे हेच वाटणार. त्याने प्लायचा एक तुकडा उचलला, व्हिन्सेंटच्या कानामागची पेन्सिल काढून घेतली आणि म्हणाला, "पायऱ्या काढ. दीपमाळ आधी काढ. काठ मातीचा हवा, असा उतरता. अळू इथे. पाट या अंगाने जाईल."

उभ्या उभ्याच त्याने काढलं. सुमेधने मोबाइलवर फोटो घेतला, कुठेतरी पाठवला, आणि दहा मिनिटांत सुतार पायऱ्यांना करवत लावून मोकळे झाले. चोवीस वर्षांत ॲन्सेल्मचं चित्र एवढ्या झटक्यात कुणी मंजूर केलं नव्हतं.

"वाचवलंत काका!" सुमेधच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. प्लायचा तुकडा हातात घेऊन तो निरखत राहिला. "आणि हात काय बसलाय तुमचा! तुम्ही ड्रॉइंग शिकला होतात का?"

व्हिन्सेंटने मान फिरवली.

"शाळेत असताना," ॲन्सेल्म म्हणाला, आणि त्याने पेन्सिल परत दिली.