पेल्यात उतरलेला आजार

औषधाच्या बाटलीचं झाकण खट् करून फरशीवर पडलं आणि खोलीतली शांतता मोडली. थोरला दचकला, धाकटी मात्र हललीही नाही. तिची छाती नुसती भात्यासारखी वरखाली होत होती. चार दिवस शिवणयंत्र आणि तापलेल्या धाकटीचं अंथरूण यांच्यामध्ये पिचलेल्या आईला खाली वाकून झाकण उचलायचंही त्राण नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सकाळीच सांगितलं होतं, आज दवाखान्यात भरती करा. जाऊबाईंचा हट्ट, आधी फुंकरबाबांकडे न्यायचं.

बाबा बसत त्या गोदामाबाहेरची रांग पार कोपऱ्यापर्यंत गेली होती. बाबा पोरांना नळीतून पेल्यातल्या नितळ पाण्यात फुंकायला लावत. पाणी पांढरं झालं, की मान डोलावत.

"बघा, उतरला आजार. भाडं न देता छातीत ठाण मांडून बसला होता."

लोक हात जोडत. खोटं तरी कसं म्हणावं? मागच्या आठवड्यात फुंकून गेलेली बहुतेक पोरं, तिचा थोरलासुद्धा, या तापाच्या साथीतून सहीसलामत सुटली होती. धाकटीला मात्र तेव्हा बाबांनी परत पाठवलं होतं. नाक गळत असेल तरच आजार उतरतो, हा त्यांचा नियम. तेव्हा तिला साधी शिंकही नव्हती; सर्दी झालेल्या थोरल्याला आईने तिच्याजवळ फिरकूही दिलं नव्हतं.

त्यांचा नंबर आला आणि दवाखान्यातली पाळी संपवून घरी निघालेल्या डॉक्टरीणबाई त्यांना पाहून थांबल्या. त्यांनी नळी घेतली आणि स्वतःच पेल्यात फुंकलं. पाणी पांढरं झालं.

तुमच्यात छुपा आजार आहे, असं बाबा म्हणाले. मग तुम्ही फुंका, असं बाईंनी सुचवल्यावर बाबांना एकाएकी मौनव्रत आठवलं.

"चुन्याची निवळी आहे ही," बाई म्हणाल्या. "कुणीही फुंकलं तरी पांढरी होते."

"मग पोरं वाचली कशी?" जाऊबाईंनी विचारलं.

बाई थकून पायरीवरच बसल्या. बाबा सर्दी झालेलीच पोरं घेत होते, त्यांनी समजावलं. सर्दीचा विषाणू आधी शिरला, की श्वासाच्या वाटेवरच्या, फुप्फुसांच्या अस्तरातल्या पेशी सावध होतात, शेजारणींनाही खबर देतात. मग काही दिवस दुसऱ्या विषाणूला सहजी थारा मिळत नाही. पण त्याचा भरवसा नसतो. कधी दोघं एकदमच घुसतात आणि तेच अस्तर दुप्पट सोलवटून काढतात.

"फुंकरीत काही नव्हतं. कुणी गुण आला म्हटलं, की एवढं विचारत जा, ज्यांनी फुंकलं नाही त्यांचं काय झालं? आता उठा, हिला उचला."

जाऊबाईंनीच रस्त्यावरची गाडी थांबवली.

दवाखान्यात धाकटीच्या नाकावर प्राणवायूचा मुखवटा चढला. हळूहळू तिचा श्वास थोडा संथ झाला. आईने पहिल्यांदाच भिंतीला पाठ टेकली. थोरला तिच्या कुशीत सरकला.

"आई, माझी सर्दी तिला लागली असती तर ती या तापातून वाचली असती ना? मग तू मला तिच्याजवळ का जाऊ दिलं नाहीस?"